मेकॅनोचा जुना खोका : काचेच्या कपाटात की वर्गात?



आजचा विषय पाठ्यपुस्तकातला नाही. पण वर्गाशी त्याचा संबंध आहे, आणि आमच्या शाळेत सध्या त्यावर दोन तट पडलेत, म्हणून लिहायला घेतलं.

विषय आहे मेकॅनोचा. भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या, कोन, चाकं, पुली, सळ्या, दातेरी चाकं आणि मूठभर नट-बोल्ट. सोबत एक छोटा पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर. यातून क्रेन करा, पूल करा, गाडी करा, मोडा आणि परत दुसरं काही करा. आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या काही वाचकांनी तो स्वतःच्या नाही तर शेजाऱ्यांच्या घरी तरी पाहिलेला असेल. आपल्याकडे कुठल्याही लोखंडी जोडखेळाला सरसकट ‘मेकॅनो’च म्हणायची पद्धत आहे, पण मूळ मेकॅनो इंग्लंडातल्या लिव्हरपूलचा. हे जुने संच जमवणारे लोक जगभर आहेत, त्यांचे क्लब आहेत, प्रदर्शनं भरतात. छंद चांगलाच आहे. माझं म्हणणं एवढंच, की शाळेने किंवा मुलं असलेल्या घराने हा संग्रह करायचा असेल तर तो वापरण्यासाठी करावा. न वापरलेला मेकॅनो हा शिक्षणाच्या दृष्टीने नुसता लोखंडाचा भार.

झालं असं, की एका माजी विद्यार्थ्याच्या घरच्यांनी त्यांच्या आजोबांचा मेकॅनोचा खोका शाळेला दिला. आजोबा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. खोक्याचं झाकण गेलेलं, पुस्तिका अर्धी फाटलेली, पण आतला माल भरपूर. मुख्याध्यापकांच्या परवानगीने मी दोन शनिवार तो सातवीच्या वर्गात उघडला. मग कुठून तरी बातमी लागून एक संग्राहक गृहस्थ आले आणि विकत मागू लागले. वर्षभराचा सादिल खर्च आरामात भागेल एवढी रक्कम बोलले. आता स्टाफरूममध्ये तीन मतं आहेत. काहीजण म्हणतात, विका आणि टॅब घ्या. काही म्हणतात, वारसा आहे, ऑफिसातल्या काचेच्या कपाटात ढालींच्या शेजारी ठेवा. तिसरं मत माझं आणि आमच्या विज्ञानाच्या सरांचं, की तो वर्गातच राहू द्या. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत निर्णय व्हायचा आहे.

आता आधी थोडा इतिहास सांगते, कारण माझा मुद्दा त्यातच आहे.

फ्रँक हॉर्नबी हा लिव्हरपूलचा एका मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडचा कारकून. इंजिनिअरिंगचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं. आपल्या मुलांसाठी तो घरीच खेळणी करायचा. त्याच्या डोक्यात आलं, की प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे भाग कापत बसण्यापेक्षा असे भाग करावेत की जे कशातही बसतील. मग त्याने पत्र्याच्या पट्ट्या हाताने कापल्या आणि त्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली. भोकापासून भोक अर्धा इंच. सगळी युक्ती या अर्ध्या इंचात आहे. अंतर ठरलेलं असल्यामुळे कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जुळते. १९०१ साली त्याने पेटंट घेतलं, आणि त्या पेटंटच्या नावातच ‘मुलांसाठी खेळणी किंवा शैक्षणिक साधने’ असा उल्लेख आहे. म्हणजे हा माणूस पहिल्या दिवसापासून त्याला शैक्षणिक साधन म्हणत होता. आपण शंभर-सव्वाशे वर्षांनी ‘खेळातून शिक्षण’ म्हणून प्रशिक्षणं घेतोय, ते असो.

सुरुवातीला त्याचं नाव होतं ‘मेकॅनिक्स मेड ईझी’. १९०७ मध्ये ‘मेकॅनो’ हे नाव आलं, १९०८ मध्ये कंपनी झाली, आणि १९१४ पासून लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरच्या कारखान्यात माल निघू लागला. तो कारखाना १९७९ च्या नोव्हेंबरमध्ये बंद पडला. या सगळ्या वर्षांत रंग बदलले, खोके बदलले, पण अर्धा इंच बदलला नाही. आजोबांच्या काळातली पट्टी नातवाच्या काळातल्या पट्टीला जोडता येते. पाठ्यपुस्तक बदललं की जुनं साहित्य रद्दीत जातं, हे रोज बघणाऱ्या आपल्यासारख्यांना याचं कौतुक वाटायला हवं.

रंगांचं मात्र संग्राहकांना फार महत्त्व, कारण रंगावरून काळ कळतो. १९२६ पर्यंतचे भाग निकेलचा मुलामा दिलेले, चंदेरी. त्या सुमारास लाल आणि हिरवे आले. १९३४ मध्ये निळा आणि सोनेरी. दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा लाल-हिरवा. १९६४ नंतर पिवळा, काळा, चंदेरी. हे कोष्टक मी फळ्यावर लिहून दिलं आणि मुलांना सांगितलं, आपला खोका कधीचा ते तुम्हीच शोधा. बहुतेक पट्ट्या लाल-हिरव्या निघाल्या. एवढ्यात एका मुलीला तळाशी सात-आठ पट्ट्या सोनेरी सापडल्या, रंग बराच खरवडलेला. वर्गात वाद सुरू झाला. खोका युद्धानंतरचा, तर युद्धाआधीच्या पट्ट्या आत कशा? कुणी म्हणालं, आजोबांना त्यांच्या वडिलांकडून मिळाल्या असतील. कुणी म्हणालं, जुन्या बाजारातून घेतल्या असतील. उत्तर आम्हाला माहीत नाही, पण पुराव्यावरून अंदाज बांधणं म्हणजे काय हे त्या तासाला जेवढं समजलं तेवढं इतिहासाच्या पहिल्या धड्यात ‘साधने : भौतिक, लिखित, मौखिक’ पाठ करून समजत नाही. म्हणून संग्राहकांच्या ज्ञानाबद्दल मला आदर आहे. कुठला भाग कोणत्या सालचा, कुठल्या संचात किती, हे त्यांनी जपलं नसतं तर आज कुणाला कळलं नसतं.

पण त्यांच्या बाजारभावाचं गणित मला पटत नाही. जुन्या संचात भाग पुठ्ठ्यावर दोऱ्याने बांधलेले असायचे. आज सगळ्यात जास्त किंमत कशाला? ज्याचा तो दोरा कधी सुटलाच नाही, त्याला. जरा विचार करा. दोरा सुटला नाही म्हणजे कुठल्या तरी मुलाला तो खोका मिळाला आणि खेळायला मिळाला नाही. किंवा मिळालाच नाही, दुकानातच राहिला. संग्राहकाच्या लेखी तो सर्वोत्तम, शिक्षकाच्या लेखी तो वाया गेलेला.

आमच्या खोक्यात एक पट्टी वेगळी आहे. ती मेकॅनोची नाहीच. पांढऱ्या पत्र्यातून हाताने कापलेली, कडा कानशीने घासलेल्या, अकरा भोकं, त्यातली दोन जराशी सरकलेली. घरच्यांना विचारलं तर म्हणाले, मुलांनी पट्टी हरवली की आजोबा स्वतः करून द्यायचे. आलेल्या गृहस्थांनी ती बोटाच्या चिमटीत धरून बाजूला ठेवली आणि म्हणाले, “ही तेवढी काढून टाका, संचात बसत नाही.” मला त्या खोक्यातली सगळ्यात मोलाची वस्तू तीच वाटते. लिव्हरपूलच्या त्या कारकुनाने जे आपल्या मुलांसाठी केलं, तेच आमच्या गावच्या फिटरने आपल्या मुलांसाठी केलं. आणि ती सरकलेली दोन भोकं वर्गात फार कामाला आली. एका गटाने ती पट्टी पुलाला वापरली आणि पूल वाकडा झाला. कुठे चुकलं ते शोधायला त्यांना वीस मिनिटं लागली. सापडल्यावर एकजण म्हणाला, “म्हणजे बाई, कंपनीची भोकं बरोबर आहेत म्हणून आपलं जमतंय!” अचूकता म्हणजे काय, मोजमाप एकसारखं का लागतं, यावर मी वेगळं काही बोलले नाही.

आता गणिताचं सांगते, कारण ‘खेळ ठीक आहे, पण अभ्यासाचं काय?’ असं पालक विचारणारच, आणि विचारलंच पाहिजे.

सातवीला पायथागोरसचा सिद्धांत आहे. मी मुलांना तीन पट्ट्या दिल्या. चार भोकांची, पाच भोकांची आणि सहा भोकांची. म्हटलं, टोकाच्या भोकांत बोल्ट घालून त्रिकोण करा. केला, गुण्याला लावून बघितला, तर चक्क काटकोन! पण ४, ५, ६ चा काटकोन त्रिकोण होत नाही. ४ चा वर्ग १६, ५ चा २५, बेरीज ४१, आणि ६ चा वर्ग ३६. मग? बराच वेळ कुणाला सुचेना. कुणी म्हणे गुण्या खराब आहे. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो एरवी गणितात बोलत नाही, म्हणाला, “भोकं मोजायची नाहीत, मधली जागा मोजायची.” बरोबर. चार भोकांत तीन गाळे, पाचात चार, सहात पाच. त्रिकोण ३, ४, ५ चाच आहे. कुंपणाला खांब किती आणि गाळे किती या उदाहरणात आपली मुलं दरवर्षी एकाने चुकतात. त्या वर्गातली आता चुकणार नाहीत असं मी म्हणत नाही, पण कशामुळे चुकतं ते त्यांच्या बोटांना कळलंय.

त्याच तासाला चौकोनही केला. चार पट्ट्या, चार कोपऱ्यांत बोल्ट. “बाई, चौकोन झोपला!” एका बाजूला दाबलं की तिरका होतो. त्रिकोण मात्र दाबला तरी हलत नाही. मग चौकोनाला एक तिरकी पट्टी मारली आणि तो उभा राहिला. घरी जाताना मुलं विजेचे टॉवर बघायला लागली, रेल्वेचा पूल बघायला लागली. दुसऱ्या दिवशी एकीने सांगितलं, की त्यांच्या गोठ्याच्या दाराला तिरकी फळी का आहे ते तिला कळलं.

दातेरी चाकांबद्दल थोडक्यात. संचात १९ दातांचं लहान चाक आणि ५७ दातांचं मोठं चाक असतं. लहान तीन वेळा फिरलं की मोठं एकदा. गुणोत्तर ३:१. क्रेनला हे लावलं की हँडल तिप्पट फिरवावं लागतं, पण ओझं सहज उचललं जातं. जोर वाचला, फेरे वाढले. सायकलचे गिअर, विहिरीचा रहाट, उसाचा चरक, मुलं आपणहून उदाहरणं देतात. गुणोत्तराची व्याख्या त्यानंतर सांगावी, आधी नाही, असं माझं मत आहे.

हे सगळं लहान मुलांचं झालं असं कुणाला वाटत असेल तर एक गोष्ट जरूर सांगावीशी वाटते. १९३० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीमध्ये व्हॅनेवर बुश यांनी अवघड समीकरणं सोडवणारं एक भलंमोठं यंत्र बनवलं होतं, डिफरन्शियल अ‍ॅनलायझर. इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या आधीचा काळ. मँचेस्टर विद्यापीठाचे डग्लस हार्ट्री ते बघून परत आले आणि आपला विद्यार्थी आर्थर पोर्टर याच्यासोबत १९३४ मध्ये त्यांनी त्याची प्रतिकृती केली, मुख्यतः मेकॅनोच्या भागांतून. खर्च सुमारे वीस पौंड. दाखवण्यापुरती करायची म्हणून केली, तर ती इतकी नीट चालली की खऱ्या संशोधनासाठी वापरली. पुढे केंब्रिजलाही तसं यंत्र झालं. ते आज न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मोटॅट संग्रहालयात आहे. संग्रहालयात ठेवायलाच हवं असं ते यंत्र आहे, कबूल. पण आधी ते राबलं, मग तिथे गेलं.

आता आक्षेपांकडे वळते.

पहिला आणि खरा आक्षेप स्टाफरूममध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही. तो म्हणजे डेडस्टॉक रजिस्टर. एकदा वस्तू नोंदली की ती शिक्षकाच्या अंगावर. तपासणीत एक नट कमी निघाला तर उत्तर कोण देणार? आपल्या शाळांतल्या प्रयोगशाळांची कपाटं कुलूपबंद असतात ती मुलं आळशी म्हणून नव्हे, आणि शिक्षक आळशी म्हणून तर नाहीच नाही. ती या भीतीने बंद असतात. यावर उपाय साधा आहे. पट्ट्या, चाकं, दातेरी चाकं डेडस्टॉकला घ्या. नट-बोल्ट आणि वॉशर उपभोग्य साहित्यात दाखवा, खडूसारखे. ते हरवणारच. दोन शनिवारांत आमचे बोल्ट चार गेले, नट सहा. मुलांनी बाकं सरकवून शोधले, तरी गेले. गेले तर गेले.

आणि नवे आणताना एक काळजी घ्या, बरं का. हार्डवेअरच्या दुकानात जो चार मिलिमीटरचा, एम-४ बोल्ट मिळतो तो मेकॅनोच्या भोकातून जातो. पण मेकॅनोचा मूळ बोल्ट इंची मापाचा, ५/३२ इंचाचा, त्याचे आटे वेगळे. जुन्या बोल्टवर नवा नट बळेच फिरवला तर आटे खराब होतात. नवा बोल्ट नव्या नटासोबतच वापरायचा, डबे वेगळे ठेवायचे. आमच्या मुलांनी जुन्याच्या डब्यावर ‘आजोबा’ आणि नव्याच्या डब्यावर ‘नातू’ असं लिहिलंय.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. जुन्या रंगांमध्ये शिसं असू शकतं. त्यामुळे तोंडात वस्तू घालणाऱ्या लहान मुलांना हे द्यायचंच नाही. पाचवीच्या खाली नको. तास संपला की साबणाने हात धुवायचे, डबा खायच्या आधी तर नक्कीच. रंगाचे पोपडे निघत असलेले भाग बाजूला काढायचे, आणि पॉलिश पेपरने घासायचं अजिबात नाही, कारण त्याने रंगाची धूळ उडते. हलका गंज असेल तर शिलाई मशीनचं तेल कपड्याला लावून पुसलं की पुरतं. धार आलेल्या कडा असतील तर तो भाग मुलांच्या हातात जाऊ नये.

तिसरं, टॅबचं. टॅबच्या मी विरोधात नाही. पण टॅब किती वर्षं चालतो, हे आपल्या कपाटातल्या बंद पडलेल्या डब्यांना विचारा. हा खोका पन्नास-साठ वर्षांचा आहे आणि शनिवारी चालला.

मुलींबद्दलही लिहायलाच हवं. जुन्या मेकॅनोच्या खोक्यांवर, जाहिरातींत बघाल तर सगळीकडे मुलगे, नाहीतर वडील आणि मुलगा. कंपनीचं मासिक निघायचं तेही मुलग्यांना उद्देशून. त्या काळाचं ते तसं होतं. पण आजही घरात असा खोका उघडला की तो आपोआप मुलाच्या पुढ्यात सरकतो, हे मी पाहिलंय. आमच्या वर्गात पहिल्या शनिवारी पाना मुलांनी धरला आणि मुली नट मोजून देत होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, आपोआप झालं. दुसऱ्या शनिवारी मी गट बदलले आणि नियम केला, की पाना दर दहा मिनिटांनी पुढच्या हातात. सगळ्यात उंच क्रेन कुणाची झाली ते लिहीत नाही, मुलगे नाराज होतील.

ज्यांच्याकडे असा खोका नाही, म्हणजे आपण बहुतेक सगळेच, त्यांचं काय? जुना मेकॅनो विकत घ्यायच्या मागे शाळेने लागू नये. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात कधी सुटे भाग हाताला लागतात. लागले तर रंग उडालेले, भाग कमी असलेलेच घ्या. ते स्वस्त असतात आणि मुलांच्या हातात द्यायला जीव घाबरत नाही. नवा लोखंडी जोडखेळही दुकानात मिळतो. आणि काहीच नसेल तर अरविंद गुप्ता यांनी दाखवलेला आगपेटीच्या काड्यांचा मेकॅनो आहेच. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काड्या, एवढंच सामान. त्रिकोण घट्ट आणि चौकोन ढिला हे त्यातूनही तितकंच स्वच्छ दिसतं. पुण्याच्या आयुकातल्या विज्ञान केंद्रात त्यांनी अशी कितीतरी खेळणी मुलांपर्यंत पोहोचवली, आपल्यापैकी अनेकांनी ती वर्गात केलीही आहेत. फक्त चाकं आणि दाते त्यात येत नाहीत. तिथे लोखंडाला पर्याय नाही, असं मला वाटतं.

पालकांना एक विनंती. दिवाळीची सफाई करताना माळ्यावर असा खोका सापडला तर लगेच भंगारवाल्याला देऊ नका, आणि ऑनलाइन किंमत बघून पुन्हा गुंडाळूनही ठेवू नका. आधी घरातल्या मुलांसमोर उघडा. पट्टीवर घरातल्या कुणाची अक्षरं कोरलेली आहेत का, कुणी हाताने केलेला भाग आहे का, बघा. आजी-आजोबा असतील तर त्यांना जवळ बसवा. रंग देऊन चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका.

आमच्या समितीची सभा या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आहे. पालक सदस्यांनी त्याआधीच्या शनिवारी सकाळी वर्गात येऊन बघावं, असं निमंत्रण मी मुख्याध्यापकांच्या सहीने पाठवलंय. त्या गृहस्थांनाही बोलावलंय. त्यांना संचाचा क्रमांक ओळखता येतो, तो मुलांना हवा आहे.

आणखी एक. त्रिकोणाच्या तासाला आमची अडचण होते, कारण चार भोकांच्या पट्ट्या खोक्यात दोनच आहेत. त्यामुळे एका वेळी दोनच गटांना त्रिकोण करता येतो आणि बाकीचे ताटकळत बसतात. कुणाच्या घरी सुट्या पडल्या असतील तर शाळेत आणून द्या. रंग कुठलाही चालेल, वाकलेल्या असल्या तरी आम्ही सरळ करून घेऊ.